मोठ्याने वाचायची खोली

मी नाशिकच्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काम करते. वाचक परत आणतात ती पुस्तकं घ्यायची, त्यांचं कार्ड शोधायचं, नव्या पुस्तकाची नोंद करून तारखेचा शिक्का मारायचा. एकवीस वर्षं हेच करतेय. इमारत नदीपासून फार लांब नाही, त्यामुळे बांधणाऱ्यांनी पुराच्या धास्तीने जोतं चांगलं उंच घेतलंय. रस्त्यावरून आत यायला नऊ पायऱ्या चढाव्या लागतात. कठडा एकाच बाजूला, आणि तोही खालच्या तीन पायऱ्यांना नाही. या पायऱ्यांचा मी कधी विचारच केला नव्हता. मी चढत होते, येणारे सगळे चढत होते. ज्यांना चढता येत नव्हतं ते येतच नव्हते, त्यामुळे ते माझ्या डोळ्यांसमोर यायचं काही कारण नव्हतं.

ज्या काकांविषयी सांगायचंय ते मात्र रोज चढून यायचे. निफाडकडच्या एका साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते. निवृत्तीनंतर पत्नी वारली, तेव्हा नाशिकला मुलाकडे राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचे सभासद झाले. सत्तरीच्या आसपासचे, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल. प्रवासवर्णनं आणि चरित्रं वाचायचे. छपाईची चूक सापडली तर पुस्तकावर खूण करायचे नाहीत. कागदाच्या चिठ्ठीवर पान, ओळ, चुकीचा शब्द, बरोबर शब्द असं नीट लिहून ती चिठ्ठी माझ्याकडे द्यायचे. "ताई, प्रकाशकाला कळवा बरं का." मी कधी कळवलं नाही, पण चिठ्ठ्या टाकूनही दिल्या नाहीत.

आधी त्या चिठ्ठ्या बंद झाल्या. मला वाटलं, कंटाळले असतील. मग ते पुस्तकं फार लवकर परत आणायला लागले. साडेतीनशे पानांचं चरित्र नेलं की दुसऱ्या दिवशी परत. "काका, रात्रभर जागलात की काय?" असं मी चेष्टेत विचारायची आणि ते हसायचे. एकदा त्यांनी एकाच महिन्यात तेच पुस्तक तिसऱ्यांदा काढलं. मी म्हटलं, "अहो, हे तर तुम्ही मागच्याच आठवड्यात नेलं होतं." ते म्हणाले, "चांगलं हे. पुन्हा वाचतो." त्यानंतर त्यांनी पुस्तकं नेणंच बंद केलं. दहा वाजता यायचे, सरळ वर्तमानपत्रांच्या खोलीत जायचे, कोपऱ्यातल्या ठरलेल्या खुर्चीवर बसायचे आणि अकरा वाजता निघून जायचे.

माझ्या टेबलावरून ती खोली समोरच दिसते. एवढं सगळं समोर घडत असताना माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

लक्षात आलं ते सप्टेंबरमधल्या एका सकाळी. आभाळ गच्च भरलेलं होतं आणि आमच्याकडे सगळे दिवे लागलेले होते. साडेदहाच्या सुमाराला लाइट गेली. वर्तमानपत्रांच्या खोलीला एकच खिडकी आहे, ती भिंतीकडे उघडते. खोलीत एकदम अंधारून आलं. वाचणारे सगळे कुरकुरत उठले, कोणी दारात आले, कोणी व्हरांड्यात गेले. काका तेवढे बसून राहिले. हातात पेपर तसाच उघडा, मान किंचित खाली. त्या अंधारात ते शांतपणे पेपर वाचत होते.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "काका, लाइट गेलीय."

"हो का?" असं म्हणून त्यांनी पेपर सावकाश मिटला, घडीवर घडी घातली, गुडघ्यावर ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुणाला बोलू नका."

काचबिंदू होता. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने नळीतून पाहावं तसं मधलं थोडंसं, तेही धूसर. माणूस समोर उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. अक्षर गेलं होतं. घरापासून वाचनालयापर्यंतचा रस्ता त्यांना पावलांनी पाठ होता. मुलगा आणि सून सकाळी लवकर कामाला जायची, संध्याकाळी उशिरा यायची. घरातल्या वस्तू जागच्या जागी असल्यामुळे कोणाला संशय आला नव्हता.

"मुलाला का नाही सांगत?" मी विचारलं.

"सांगितलं तर घरात बसवील. चांगला पोरगा हे माझा. म्हणून तर बसवील."

"पण औषध?"

"चालू हे. थेंब घालतो ना."

मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आले तेव्हा मी त्यांना माझ्या टेबलाच्या बाजूला खुर्ची दिली आणि अग्रलेख वाचून दाखवायला लागले. अर्धाही झाला नसेल, तेवढ्यात पलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला अभ्यासिका आहे. मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं अर्धं पार्टिशन आहे. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलंमुली सकाळी सातपासून जागा धरून बसतात. देवळा, पेठ, सुरगाणा, कुठून कुठून येऊन खोल्या करून राहिलेली. त्यांतली एक मुलगी उठून आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, सॉरी, पण आवाज येतोय." मी आवाज कमी केला. आता काकांना ऐकू येईना. ते पुढे वाकले, मी त्यांच्या कानाशी वाकले. थोड्या वेळाने तीच मुलगी पुन्हा आली. या वेळी काही बोलली नाही, नुसतं भिंतीकडे पाहिलं. 'शांतता राखा' हा बोर्ड मीच लावलेला होता.

तिचंही काही चुकत नव्हतं. तिची परीक्षा तोंडावर होती.

आम्ही व्हरांड्यात गेलो. तिथे रिक्षांचे हॉर्न. मागच्या जिन्यावर गेलो, तिथे दर दोन मिनिटांनी कोणीतरी फोनवर बोलायला यायचं. एवढ्या मोठ्या इमारतीत, जिथे फक्त वाचनच चालतं, तिथे मोठ्याने वाचायला एक जागा नव्हती. शेवटी मागची बाइंडिंगची खोली सापडली. बाइंडर वर्षातून दोनदा यायचा, बाकी वेळ खोली बंद. आत जुन्या मासिकांचे गठ्ठे, खळीचा वास, एक लांब टेबल. माझ्या जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आम्ही ठरवून टाकला. काकांनी दहाऐवजी एकला यायला सुरुवात केली.

ते आठ महिने चांगले गेले. मी आधी अग्रलेख वाचायची, मग पुस्तक. कंटाळा आला की मी मधला एखादा परिच्छेद गाळायची, आणि ते लगेच बोट वर करायचे. "ताई, काहीतरी राहिलं." कसं कळायचं कोण जाणे. एकदा मी वाचता वाचता एक शब्द चुकीचा उच्चारला, तर म्हणाले, "छपाईची चूक, का तुमची?" मी म्हटलं, "माझी." तेव्हा खूप हसले. वजनकाट्यावरच्या गोष्टी सांगायचे, उसाच्या बैलगाड्यांची रांग, काट्यावर बैल उभाच न राहणं, थंडीत रात्रपाळी. मी एकवीस वर्षं पुस्तकं देत-घेत आले होते, पण एवढी सलग वाचली नव्हती. घरी स्वयंपाक करतानाही उद्या कुठपर्यंत जाऊ, असा विचार यायचा.

अडचण अशी होती की हे सगळं चोरून होतं. बाइंडिंगच्या खोलीची किल्ली मी न विचारता घेत होते. मी रजेवर असले की काका येऊन परत जायचे. मग मला वाटलं, हे रीतसर व्हायला हवं. असे आणखी किती लोक असतील. मी कार्यवाहांच्या नावाने अर्ज लिहिला. मोठ्याने वाचायला एक वेगळी खोली, बोलणारा संगणक, ऐकायच्या पुस्तकांचं एक कपाट, आणि पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. काकांचा उल्लेख कुठेच केला नाही. 'काही वाचक' असं लिहिलं.

आमचे कार्यवाह निवृत्त प्राध्यापक, मनाने चांगला माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हे आपण आधीच करायला हवं होतं." मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे घेतले. पुढच्या दोन महिन्यांत एक देणगीदार मिळाले. संगणक आला, हेडफोन आले. पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा रॅम्पही झाला. जागा कमी आणि जोतं उंच, त्यामुळे रॅम्प असा चढा झाला की मला चालत जातानाही कंबरेत वाकावं लागलं. मी मिस्त्रीला विचारलं, "यावरून चाकाची खुर्ची कशी चढणार?" तो म्हणाला, "मॅडम, मागून दोन माणसं लागतील." कठड्याचे पैसे रॅम्पमध्येच संपले. बाइंडिंगची खोली रंगवून तिच्यावर 'दिव्यांग वाचन कक्ष' अशी पाटी लागली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कार्यवाहांनी मला बोलावलं. "पाहुणे विचारणार, लाभार्थी कोण? तुमच्या माहितीत कोणी आहे ना? ते काका येतात ते?" म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असणार. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, काकांमुळे हे झालं, तर काकांनीच पहिल्यांदा तो संगणक वापरावा.

मी त्यांना विचारलं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमची इच्छा हे का?"

"हो, पण तुम्हाला नको असेल तर..."

"तुमची हे ना? मग येतो."

ते नवा शर्ट घालून आले. फीत कापली गेली. काकांना संगणकासमोर बसवलं, कानाला हेडफोन लावले. पाहुणे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. फोटो निघाले. नंतर मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाले, "काही ऐकू आलं नाही ताई. चालू केला नव्हता बहुतेक." खरंच केला नव्हता. मागची वायर लावायची राहिली होती.

तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'संगणकाचा लाभ घेताना अंध वाचक.' काकांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मी तो पेपर सकाळी खोलीत लावला तेव्हा पाहिला.

साडेअकराला त्यांचा मुलगा आला. चाळिशीचा, कंपनीचा गणवेश, ड्यूटी अर्धी टाकून आलेला दिसत होता. मला वाटलं भांडेल. तो भांडला नाही. माझ्या टेबलावर तो पेपर ठेवून म्हणाला, "मॅडम, हे माझे वडील."

"हो."

"माझ्या बाबांना दिसत नाही, हे मला कंपनीतल्या माणसाने पेपर दाखवून सांगितलं."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "आठ महिने," मी म्हटलं.

तो समोरच्या खुर्चीवर बसला. "आठ महिने," तो पुन्हा म्हणाला. "आत्ता घरी जाऊन विचारलं मी त्यांना. थेंब दीड वर्षापूर्वीच बंद केलेत. बाटली संपली, नवी आणायला कोणाला सांगणार? आणायला सांगितली असती तर कळलं असतं ना." त्याने पेपर स्वतःकडे ओढला. "मॅडम, मी मोठा नाही, पण डॉक्टरकडे न्यायला मला परवडतं हो. आठ महिन्यांत एकदा तरी कोणी मला सांगायचं."

पार्टिशनच्या पलीकडे अभ्यासिकेत पूर्ण शांतता होती. सगळे ऐकत असणार.

"त्यांनी शपथ घातली होती," असं काहीतरी मी म्हणाले. तेही खरं नव्हतं, शपथ वगैरे काही नव्हती. त्यांनी फक्त बोलू नका म्हटलं होतं. त्याने मान हलवली, पेपर उचलला आणि गेला. जाताना पायऱ्यांवर थांबून त्याने खाली पाहिलं. आपला बाप या रोज कशा चढत होता ते तो पाहत असावा.

डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकवायची. उरलेली फार नव्हती. आठ महिन्यांपूर्वी किती होती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मी तो प्रश्न मनात कितीदा विचारला याची गणती नाही. दिवे गेले त्या सकाळी मी मुलाचा नंबर शोधला असता तर? कार्डावर लिहिलेला होता. हाताच्या अंतरावर होता.

दोन महिन्यांनी मुलाने त्यांना एका शनिवारी स्वतः आणलं. रॅम्पच्या तोंडाशी मोटरसायकली लावलेल्या होत्या, आणि वरच्या टोकाची जाळी कुलूपबंद होती, कारण रॅम्पवरून भटकी कुत्री आत येतात अशी शिपायाची तक्रार होती. मी किल्ली आणायला धावले. तेवढ्यात दोघं पायऱ्यांनी वर आलेही, मुलाने दंडाला धरून. कक्षात अभ्यासिकेच्या जादा खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. त्या मी बाजूला केल्या. या खेपेला संगणक चालू झाला. त्याचा आवाज मराठी अशी वाचत होता की काना-मात्रा एकमेकांना ओळखत नसाव्यात. काकांनी मिनिटभर ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"हा बैल काट्यावर उभा राहत नाय," ते म्हणाले.

मुलगा हसला. मीही हसले. मग मी पुस्तक काढलं आणि त्या आठ महिन्यांसारखं वाचायला लागले, पण मुलगा घड्याळ पाहत दारात उभा होता. काकांनीच दहा मिनिटांत "पुरे" म्हटलं. मी मधे एक परिच्छेद गाळला होता. त्यांनी बोट वर केलं नाही.

ते पुन्हा आले नाहीत. मी त्यांच्या घरी एकदा गेले. सुनेने चहा केला, आग्रहाने पोहे दिले. कोणी मला काही टोचून बोललं नाही, उलट सून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून ते बाहेर तरी पडत होते." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. काका गॅलरीत बसले होते. सुनेने मोबाइलवर ऐकायची पुस्तकं घालून दिली होती. त्यातले लोक चांगलं वाचतात म्हणे, नटासारखं.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"हो, बरं हे." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला काही विचारता येत नाय, एवढंच."

"मी येत जाऊ का? रविवारी?"

"नको ताई. तुमचा एकच रविवार असतो." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आणि पोराला वाटेल, अजून काही लपवतोय."

मी उठले तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण थोडा चुकीच्या दिशेला. मी सरकून तो हातात घेतला.

नंतर परीक्षांचे दिवस आले. अभ्यासिकेत जागा पुरेना म्हणून वाचन कक्षात आणखी बारा मुलं बसवायचं ठरलं. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "पण ती खोली मोठ्याने वाचायला आहे." कार्यवाह दुखावल्यासारखे दिसले. "मॅडम, मला कळतंय हो. पण वाचायला येतं कोण? एक तरी नाव सांगा." संगणकावर प्लास्टिकचं आच्छादन घातलं गेलं. ते मीच शिवून आणलं, धूळ बसू नये म्हणून.

मार्चमध्ये वार्षिक अहवालाचा छापील नमुना येतो. तो भरायचं काम माझ्याकडे आहे. त्यात एक रकाना असतो, दिव्यांग वाचकांसाठी सुविधा, आहे किंवा नाही. मी त्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले. 'नाही' लिहिलं असतं तर अनुदानाच्या वेळी प्रश्न निघाले असते, कार्यवाहांना खुलासे द्यावे लागले असते, देणगीदार दुखावले असते. रॅम्प होता. संगणक होता. पाटी होती. मी 'आहे' लिहिलं.

परवा दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीला चाकाची खुर्ची लागते, तिला वाचनाची फार आवड आहे, आणि आमच्या पाटीचा फोटो त्यांनी कुठेतरी पाहिला होता. "तिला तुमच्याकडे आणता येईल ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांना खरं सांगायला सुरुवात केली, रॅम्प चढा आहे, मागून दोन माणसं लागतात, वरच्या जाळीला कुलूप असतं, खोलीत सध्या परीक्षेची मुलं बसतात. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की पलीकडून हुंकारही येत नाहीये.

"बरं, बघते मग," त्या म्हणाल्या.

"तुम्ही या," मी घाईने म्हटलं, "मी खाली रस्त्यावर येते, आम्ही उचलून..."

"नाही हो, तिला उचललेलं नाही आवडत," त्या म्हणाल्या, आणि माझे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.